पहिल्या आगीचा मग

उपाशी माणसाच्या हातात वाढायचा डाव द्यावा, तसं त्या दिवशी गारव्याचं झालं होतं.

अग्निशमन केंद्राला शंभर वर्षं झाली म्हणून फाटक सगळ्यांसाठी सताड उघडं ठेवलं होतं. आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं शिडीवर लोंबकळत होती, म्हातारी मंडळी पाण्याच्या जाड पाइपाला हात लावून ‘अबब’ म्हणत होती, आणि गारवा फाटकाजवळच्या टेबलामागे उभी राहून आठवण म्हणून न्यायचे मग विकत होती. पांढरे, जाड कानाचे, चिनी मातीचे मग. त्यांच्यावर केंद्राचा फार जुना फोटो होता. दोन कमानी दरवाजे, मागे पाइप वाळत घालायचा उंच मनोरा, पुढे पितळी घंटेची गाडी, आणि गाडीपुढे हाताची घडी घालून उभे राहिलेले मिशाळ जवान. त्यांतल्या एकाला मात्र चेहराच नव्हता. फोटो निघताना तो हलला, आणि तोंडाच्या जागी नुसता धुरकट डाग उमटला.

“हा कोण हो?” जो येई तो विचारी.

“त्याला घंटा ऐकू आली,” गारवा सांगायची. हे उत्तर तिला ड्रायव्हर मामांनी शिकवलं होतं. ते ऐकून माणूस हसायचा आणि एकाऐवजी दोन मग घेऊन जायचा.

विक्री जोरात होती. फक्त विकणारीला त्यातला एकही मग घ्यायची मुभा नव्हती.

त्याचं असं होतं. हे मग शंभरीला पहिल्यांदाच बाहेर विकायला काढले होते. एरवी ते फक्त जवानांचे. केंद्राच्या स्वयंपाकघरात भिंतीला एक फळी ठोकलेली, फळीला आकडे, आणि गाडीत जो ज्या जागेवर बसतो त्याच क्रमाने एकेका आकड्याला एकेकाचा मग. शेवटचा आकडा रिकामा. तो गारव्याचा. नवीन माणसाने पहिली आग विझवून येईपर्यंत स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचा, हा नियम. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो मोडायची कुणाची छाती नव्हती. आणि पहिली आग तरी कशी? तर जाळ स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे, तो आपल्या हातांनी विझला पाहिजे, घंटा वाजली पाहिजे आणि गाडीची चाकं फाटकाबाहेर गेली पाहिजेत. यातलं एक जरी उणं पडलं तरी पेला.

गारवा भरती होऊन वर्ष होत आलं होतं. पण तिची पाळी असली की शहरात काडीसुद्धा पेटत नसे. बोलावणी यायची, नाही असं नाही. पत्र्यावर चढून बसलेलं मांजर. लिफ्टमध्ये अडकलेले तीन वकील, बाहेर येईपर्यंत एकमेकांना नोटिसा देण्याच्या बेतात आलेले. एका नवऱ्या मुलाच्या बोटात रुतलेली अंगठी. तळघरात शिरलेलं पाणी उपसताना तर तिला रडूच कोसळलं होतं. लोकांना वाटलं, किती कनवाळू बाई आहे. आणि तिने एक दिवस रजा घेतली, लेकीला ताप होता म्हणून, तर त्याच दिवशी रंगाचं अख्खं गोदाम पेटलं.

“ही आली की आग तोंड लपवते,” शिडीवरचा लंबू म्हणायचा. “हिला नुसती शहरातून फिरवून आणा. आपण घरी झोपा काढू.”

“असू दे रे,” मामा म्हणाले होते. “पोरीच्या पायगुणाने गारवा आहे.” तेव्हापासून तिचं नावच गारवा पडलं.

तिला राग नव्हता, पण तो पेला होता ना! चहा ओतला की धरवत नसे. आगीने कधी चटका दिला नाही, बोटं भाजली ती चहाने. आणि मनात जे यायचं ते तर कुणाला सांगायचीही सोय नव्हती. लेकीला झोपवताना, पाठीवर थोपटता थोपटता, ती देवाकडे आग मागायची. देवा, एक आग लाव. पण कुणाच्या घराला नको. दुकानाला नको, तिथे पोटं असतात. झाडाला नको, पाखरं असतात. कुणाची नसलेली, कुणी आत नसलेली, अशी एखादी आग तुझ्याकडे असेल तर बघ. आणि स्वतःच्याच मागण्याची लाज वाटून लेकीच्या केसांत तोंड खुपसायची.

दुपार कलली तशी सासूबाई आणि लेक टेबलापाशी येऊन ठेपल्या. लेकीच्या डोक्यावर कागदाचं लाल शिरस्त्राण होतं, ते सारखं डोळ्यांवर येत होतं.

“आई, तुझ्याकडे एवढे मग आहेत! घे ना एक.”

“विकतचा चालत नाही गं पिल्ला.”

“हे काका घेतायत तो चालतो?”

“त्यांना चालतो. मला नाही.”

“म्हणजे सगळ्या जगाला चालतो आणि हिलाच नाही,” सासूबाई म्हणाल्या. “अगं, आग लागली नाही, ही काय तोंड पाडायची गोष्ट झाली? लोक नवस बोलतात आग लागू नये म्हणून!”

“तोंड कुठे पाडलंय? गिऱ्हाइकाशी हसतेय की.”

“ते दिसतंय. दात दिसतायत, हसू दिसत नाही.” सासूबाईंनी डब्यातून सफरचंदाची फोड काढून तिच्या तोंडात कोंबली. “खा. सकाळपासून उभी आहेस.”

तेवढ्यात माइक खरखरला. साहेब मांडवात उभे राहिले होते. केंद्राचे हे साहेब माणूस लाखाचा, पण हातात माइक आला की सुटायचा नाही. दोन शब्द बोलतो म्हणायचे, आणि पाठीमागे एक शतक उलगडायचे. आज तर पहिल्या रांगेत त्यांचे वरिष्ठही बसले होते. आवाराच्या मधोमध पत्र्याचं पिंप ठेवलं होतं, त्यात लाकडं रचलेली. साहेबांचं बोलणं आटोपलं की लंबू ती पेटवणार आणि लोकांसमोर विझवून दाखवणार, असा बेत होता.

“...आणि आता, बंधूभगिनींनो,” साहेब म्हणत होते, “आगीचा पहिला क्षण किती मोलाचा असतो, ते आपण प्रत्यक्ष...”

इमारतीच्या मागून धुराचा लोट वर चढला.

“वा!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. टाळ्या सुरू झाल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. साहेब क्षणभर थबकले, मागे वळून पाहिलं, आणि हसून म्हणाले, “आमचे जवान जरा उतावीळ आहेत!” आणखी टाळ्या.

इथे एक गंमत झाली, आणि ती याच लोकांची व्हायची. दुसऱ्या कुठल्याही घरामागून असा धूर निघाला असता तर हे सगळे झोपेतून उठून धावले असते. पण स्वतःच्या छपरावर धूर दिसल्यावर साहेबांना वाटलं, लंबूने काही नवीन करामत केली. लंबूला वाटलं, साहेबांनी मला न सांगता भारी बेत आखलाय. वरिष्ठांना वाटलं, शिस्त चांगली आहे. प्रत्येक जण दुसऱ्याला मनातल्या मनात शाबासकी देत जागच्या जागी उभा राहिला.

गारव्याने पिंपाकडे पाहिलं. लाकडं अजून पेटवलेलीच नव्हती. लंबूच्या हातात काड्यापेटी होती, आणि तो मान वर करून कौतुकाने धूर बघत होता.

वाऱ्याबरोबर वास आला. लाकडाचा नव्हे. जळक्या तेलाचा.

तिने हातातला मग टेबलावर ठेवला.

“आई, टेबल बघा!” ती सासूबाईंना म्हणाली.

“अगं, पण किंमत काय सांगू?”

“पाटीवर आहे!” हे ती पळता पळता ओरडली.

स्वयंपाकघराच्या दारातून काळा धूर वाकून बाहेर येत होता. ती खाली बसली, डोकं वाकवून आत पाहिलं, आणि तिला तो दिसला. जाळ. कढईतून उठलेला, पिवळाधमक, छताला जीभ लावू पाहणारा, फुरफुरणारा. बाजूला परातीत बटाट्याच्या चकत्या चिरून ठेवलेल्या. कार्यक्रमानंतर सगळ्यांना गरमागरम तळून घालायच्या म्हणून साहेबांनी मंद आचेवर तेल ठेवलं होतं, आणि ‘दोन शब्द’ बोलायला गेले होते.

ओट्यावर पाण्याची कळशी भरलेली होती. हात आपसूक तिकडे जातो, कुणाचाही जातो. गारव्याचा गेला नाही. पेटत्या तेलावर पाणी म्हणजे छप्पर गेलं, हे तिने इतक्या वेळा घोकलं होतं की लेकीला अंगाईसारखं म्हणून दाखवलं असतं. भिंतीवरच्या खुंटीकडे पाहिलं, तिथे अग्निशामक नळकांडं असतं. खुंटी रिकामी! केंद्रातली होती नव्हती तेवढी नळकांडी बाहेर प्रदर्शनात मांडलेली, पोरं त्यांच्याबरोबर फोटो काढत होती.

“छान!” ती स्वतःशीच म्हणाली.

दाराजवळचा गॅसचा मुख्य खटका तिने आधी बंद केला. मोठ्या पातेल्याचं झाकण उचललं, ढालीसारखं स्वतःपुढे धरलं, आणि वाकून, एक एक पाऊल टाकत पुढे गेली. तोंडावर धग आली. वर्षभर जिची वाट पाहिली ती ही धग! झाकण कढईच्या कडेला टेकवलं आणि वरून न आपटता, आपल्याकडून पलीकडे, हळूच सरकवत नेलं. जाळाने कडेने एकदा बोटं बाहेर काढली, दोनदा काढली, आणि गप्प झाला.

पण फळीखाली वाळत टाकलेला पंचा पेटला होता आणि त्याची आच फळीला लागली होती. आता कळशी! कापडाला पाणी चालतं. तिने कळशी उचलून अशी फेकली की पंचा, फळी, भिंत, आकड्यांवरचे मग, आणि ती स्वतः, सगळं एकदम न्हाऊन निघालं. फस्स आवाज झाला. काळ्या पाण्याचे ओघळ खाली आले. तिने खिडकी ढकलून उघडली आणि झाकणावर नजर ठेवून उभी राहिली, कारण उचलून बघायचा मोह झाला की तेल पुन्हा पेटतं. आणि तिला हसू येत होतं, आवरत नव्हतं.

“कुठंय आग?” दारात मामा. धापा टाकत होते. एवढ्या माणसांत तिच्याखेरीज वास फक्त त्यांनाच आला होता.

“विझली.”

“विझवली कुणी?”

“मी.”

मामांनी कढई पाहिली. काळी भिंत पाहिली. पाणी निथळणारी गारवा पाहिली. बाकावर बसले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“अगं, शंभर वर्षांत या शहरातली एकच जागा अशी होती जिथे आग लागली नव्हती. तेवढी एक अब्रू होती आपली. तीही गेली!”

लंबू आला, काड्यापेटीसकट. “मामा, लोक विचारतायत पुढचं कधी दाखवणार...” त्याने आत पाहिलं आणि त्याचा जबडा खाली आला. “आयला.”

“आता बोल,” मामा बोटं मोजायला लागले. “जाळ डोळ्यांनी दिसला?”

“दिसला,” गारवा म्हणाली.

“आपल्या हाताने विझवला?”

“विझवला.”

“घंटा?”

“सकाळपासून पोरं वाजवतायत की,” लंबू म्हणाला.

“ती नाही धरत. आगीसाठी वाजली पाहिजे. आणि चाकं?” मामांनी मान हलवली. “आग घरातच आली, चाकं कुठे नेणार?”

तेवढ्यात साहेब आले. माइक हातातच होता, वायर मागे लोंबत होती. “बटाटे!” एवढंच बोलले आणि भिंतीला टेकले.

बाहेर टाळ्यांचा ठेका पडला होता. लोकांना पुढचा खेळ हवा होता.

“साहेब, घंटा वाजवून आगीची वर्दी द्यावी लागेल,” मामा म्हणाले. “पोरीची पहिली आग आहे.”

“वर्दी?” साहेबांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं. “मामा, वरिष्ठ पहिल्या रांगेत बसलेत. अग्निशमन केंद्राच्या शंभरीला अग्निशमन केंद्रालाच आग? आणि लावली कुणी, तर मी? उद्या रस्त्याने चालता येईल का मला? लोकांना वाटतंय प्रात्यक्षिक होतं. वाटू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची.” ते गारव्याकडे वळले, आवाज मऊ झाला. “बाळ, तू जे केलंस ते फार मोठं आहे. मी विसरणार नाही. तुला पुढची आग मिळेलच की.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ‘राहू द्या साहेब’ हे शब्द तिच्या जिभेवर आलेही. बाईच्या जिभेवर ते नेहमी तयारच असतात. तिने ते गिळले.

“साहेब, मला हीच हवी.”

“काय?”

“ही आग. माझी आहे ती. वर्षभर मी देवाकडे अशी आग मागतेय जिच्यात कुणाचं काही जाणार नाही, आणि अशी दुसरी मिळणार नाही मला. तुमचे बटाटे जाऊ देत, तुमची अब्रू जाऊ दे, रागावू नका, पण तिला प्रात्यक्षिक म्हणायचं नाही. ती खरी होती.” तिने काळे हात पुढे केले. “बघा.”

साहेबांशी असं कुणी बोलत नसे.

साहेब तिच्या हातांकडे बघत राहिले. नंतर त्या रिकाम्या आकड्याकडे, ज्यावरून काळं पाणी ठिबकत होतं. हातातल्या माइकवर त्यांनी टिचकी मारली. चालू होता.

बाहेर टाळ्या थांबल्या होत्या. सबंध आवार चिडीचूप. बटाट्यांपासून अब्रूपर्यंत सगळं जगाने ऐकलं होतं.

साहेबांचे कान लाल झाले. पण माणूस लाखाचा म्हटलं ते उगीच नाही. ते तसेच, वायर ओढत, मांडवात जाऊन उभे राहिले.

“बंधूभगिनींनो,” ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पुढचं सुचेना. “तेल मी ठेवलं होतं. गॅस चालू ठेवून भाषणाला आलो. तुम्ही असं करू नका, हे सांगायलाच भाषण करत होतो.” हशा पिकला. “आग खरी होती. आमच्या जवान बाईंनी ती एकटीने विझवली, आम्ही टाळ्या वाजवत असताना. ही त्यांची पहिली आग.”

“अहो साहेब, घरोघरी हेच होतं!” टेबलामागून सासूबाई कडाडल्या. “आमचे हे तर दूध ठेवून बाहेरगावी गेले होते!”

हसण्याने आवार दणाणून गेलं. वरिष्ठ दोन्ही हातांनी पोट धरून हसत होते. मामा तोवर गायब झाले होते, ते आता दिसले जुन्या गाडीच्या चाकामागे. तीच ती फोटोतली गाडी, आज पुसूनबिसून मांडवाशेजारी उभी केलेली.

“गारवा! चढ वर!”

“मामा, आग विझलीय!”

“चाकं राहिलीत! नवी गाडी हलवायची नाही, ती खऱ्या बोलावण्याला लागेल. ही नेऊ.”

“चालते का ही?” लंबूने विचारलं.

“मागच्या वर्षी चालली होती.”

गाडी खोकली, शिंकली, एक निळा धूर सोडला आणि निघाली! गर्दी दुभंगली. गारवा गाडीच्या कडेच्या फळीवर उभी, ओलीगच्च, गालाला काजळी. पुढची चाकं फाटकाच्या रेषेवरून बाहेर गेली, आणि गाडीने जीव सोडला.

पुढची बाहेर. मागची आत.

“अर्धी धरायची का?” लंबू ओरडला.

“अर्धी आग असते का रे? ढकला!” मामा गरजले.

सासूबाई टेबल सोडून आल्या. मग घेतलेले लोक आले, एका हाताने मग छातीशी, दुसऱ्या हाताने धक्का. वरिष्ठ आले. साहेबांनी माइक ठेवून दिला आणि खांदा लावला. लेक एका काकांच्या खांद्यावर बसून हवेतच दोन्ही हातांनी ढकलत होती, “आईला बाहेर काढा! आईला बाहेर काढा!”

गारव्याला राहवेना. ती खाली उतरायला वाकली.

“उतरलीस तर धरणार नाही हां!” मामा मागे न बघता ओरडले. “तिथेच राहा!”

तिचे पाय पुन्हा फळीवर घट्ट रोवले गेले. गाडी करकरली. एक वीत सरली. आणखी एक. मागचं चाक रेषेवर चढलं, थांबलं, लोकांनी एकदम हुंकार भरला, आणि चाक पलीकडे उतरलं. त्याच धक्क्याने इंजिन पुन्हा जागं झालं आणि गाडी रस्त्याने पळायला लागली.

“गेली! गेली बाहेर! मामा, थांबवा आता!”

“थांबवली तर पुन्हा सुरू व्हायची नाही!” मामा हसत होते, टोपी उडून गेली होती. “घंटा, गारवा, घंटा राहिली! वाजव!”

तिने पितळी घंटेची दोरी दोन्ही काळ्या हातांनी धरली आणि ओढली.